धनुष्याचा हंगाम कोणासाठी?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी उभी हयात वन्यजीवांचा कायदा शिकवण्यात घालवली. म्हणून विषय निवडताना मी मुद्दाम असा वाद घेतला, जो आपल्याकडे उभाच राहू शकत नाही. आपल्याकडे शिकार बंद आहे. अमेरिकेत ती चालू आहे आणि तिचे रीतसर पंचांग आहे. विस्कॉन्सिन राज्याचेच घ्या. तिथे हरणाचा धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात, जेमतेम ९ दिवसांचा. बंदूकवाल्याला ९ दिवस आणि धनुष्यवाल्याला साडेतीन महिने, ही वाटणी कोणी आणि कशाच्या बदल्यात केली, हे कळल्याशिवाय आजचे भांडण कळत नाही.

भांडण असे, की धनुष्याच्या हंगामात रानात काय घेऊन जाता यावे? लाकडी लाँगबोबद्दल कोणाची तक्रार नाही. कप्प्या लावलेले कंपाऊंड धनुष्य? खटका आणि दुर्बीण असलेला क्रॉसबो? दाबलेल्या हवेने बाण फेकणारी नळी? प्रत्येक राज्याचे उत्तर वेगळे आहे, आणि दर दोन-चार वर्षांनी कुठल्या तरी विधिमंडळात ते पुन्हा उकरले जाते.

एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस विकणाऱ्या शिकाऱ्यांनी अमेरिकेतले पांढऱ्या शेपटीचे हरीण जवळजवळ संपवले होते. १९०० च्या सुमारास देशभरात पाचेक लाख उरली असावीत, असा अंदाज दिला जातो. त्यामुळे पुढे राज्यांनी शिकारीला परवानगी दिली ती हात आखडूनच. अशा काळात, १९३४ मध्ये, विस्कॉन्सिनने कोलंबिया आणि सॉक या दोन काउंट्यांत फक्त धनुष्यासाठी हरणाचा हंगाम ठेवला. आधुनिक अमेरिकेतला असा हा पहिला हंगाम मानतात. धनुर्धरांची बाजू सरळ होती. आम्ही रानात फिरू पुष्कळ, मारू थोडे. तेव्हा आम्हाला दिवस जास्त दिले म्हणून तुमचे काही बिघडत नाही. सरकारला हे पटले. आपल्या हत्याराचा कमकुवतपणा हाच त्यांनी अर्जाला जोडलेला दाखला होता. पुढे एकामागून एक राज्यांनी असे हंगाम काढले.

या चळवळीमागे एक उदास गोष्ट आहे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकाकी माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीचा हा अखेरचा माणूस. त्याचे लोक गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बंदुकांनी संपवले होते. त्याला ईशी म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात त्याला ठेवले, आणि तिथल्या वैद्यकीय शाळेतला शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकला. लांबच्या लक्ष्यावर ईशीचा नेम काही फार चांगला नव्हता, असे पोपने लिहून ठेवले आहे. पण ईशीला लांबून मारायचेच नसे. तो दबा धरी, जनावराचा आवाज काढून त्याला बोलावी, आणि अगदी जवळ आले की बाण सोडी. १९१६ मध्ये तो क्षयाने गेला. पोपने १९२३ मध्ये पुस्तक लिहिले आणि ते वाचून अमेरिकेतले हजारो लोक धनुष्याकडे वळले. पोप आणि त्याचा सोबती आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये जो क्लब निघाला, तो आजही धनुष्याने केलेल्या शिकारीच्या विक्रमांची वही ठेवतो. क्रॉसबोने मारलेले जनावर त्या वहीत घेत नाहीत. ज्याच्या जमातीवर बंदुका चालल्या, त्याच्याकडून घेतलेली विद्या पुढे बंदुकीला कंटाळलेल्या लोकांचा छंद झाली. याबद्दल तिकडे फारसे बोलले जात नाही.

दिवस जास्त, शिकार थोडी, या धनुर्धरांच्या करारात पहिला घोळ झाला तो कंपाऊंडमुळे. मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन या गृहस्थाने १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळाले. धनुष्याच्या दोन्ही टोकांना लंबवर्तुळी कप्प्या बसवल्या की दोरी ओढताना मधल्या टप्प्यात पूर्ण जोर लागतो आणि शेवटी तो एकदम उतरतो. आजच्या ७० पौंडांच्या कंपाऊंडला ८० टक्के सूट असेल, तर पूर्ण ताणलेल्या अवस्थेत बोटांवर उरतात फक्त १४ पौंड. साध्या लाँगबोवाल्याला पूर्ण ताण धरून दोन-तीन सेकंदांत बाण सोडावा लागतो; कंपाऊंडवाला दम खाऊन, हरीण एक पाऊल पुढे येईपर्यंत थांबू शकतो. शिवाय दोरी सोडायला मनगटावर बांधलेला खटका आणि नेमासाठी धनुष्यावर लावलेल्या खुणा. १९७० च्या दशकात यावरही असेच रण माजले होते: हे यंत्र आहे, याला आमच्या हंगामात घेऊ नका. यंत्र आत आले आणि बघता बघता तेच घरचे झाले. आज क्रॉसबोला दारात अडवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात कंपाऊंड असते. ही विसंगती त्यांना कोणी दाखवली की ते चिडतात. पण विसंगती दाखवली म्हणजे वाद जिंकला, असेही नाही.

कारण क्रॉसबोने खरोखर काहीतरी बदलते. काय बदलते, याबाबत मात्र दोन्ही पक्ष चुकीच्या जागी बोट ठेवतात.

विरोधक म्हणतात, तो बंदुकीसारखा लांब मारतो. दिसायला त्याला दस्ता आहे, खटका आहे, दुर्बीण आहे. जोर २०० पौंडांचा. पण दोरी सरकते ती फुटभर, फार तर सव्वा फूट. उभ्या धनुष्याची दोरी त्याहून बरीच जास्त ओढली जाते. जोर तिप्पट असला तरी अंतर कमी असल्याने बाणाला मिळणारी शक्ती तिप्पट होत नाही. आता आवाजाचा हिशेब करा. हरीण ४० यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर उभे आहे. सेकंदाला ४०० फूट वेगाने जाणाऱ्या बाणाला तिथे पोहोचायला ०.३ सेकंद लागतात. दोरीचा आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो, म्हणजे तो ०.११ सेकंदात हरणाच्या कानावर. मधल्या वेळात दचकलेले हरीण पळण्यासाठी पाय वाकवून खाली दबते आणि फुप्फुसावर धरलेला बाण पाठीत लागतो किंवा वरून जातो. तेच अंतर १०० यार्ड केले तर बाण वेग न गमावताही पाऊण सेकंद घेईल. तेवढ्यात निवांत चरणारे हरीणसुद्धा सहज एक पाऊल टाकते. काही कारखानदार १०० यार्डांवरच्या नेमाच्या जाहिराती करतात. निर्जीव लक्ष्यावर तो नेम लागतही असेल. जिवंत जनावरावर तसा बाण सोडणे हा माझ्या मते गुन्हा नसला तरी नालायकपणा आहे. मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर १९८९ ते २००६ या काळात, परीक्षा देऊन आलेल्या निवडक धनुर्धरांची नोंद ठेवली, तेव्हाही बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती लागली नाहीत. हे निवडक लोकांचे झाले.

समर्थक म्हणतात, बघा, बाणाचा वेग, पल्ला, सगळे जवळपास कंपाऊंडएवढेच. मग भेद कशाला? त्यांचा हिशेब बरोबर, पण तो दोरी सुटल्यानंतरचा आहे. धनुष्याची शिकार बहुधा दोरी सुटण्यापूर्वीच फसते. मचाणावर बसलेल्या माणसाच्या १५-२० यार्डांवर हरीण आले, की त्याला हात उचलून दोरी ओढावी लागते. हरणाचे डोळे हालचाल टिपण्यासाठीच घडलेले आहेत. त्या ओढण्याच्या क्षणी कितीतरी हरणे शेपटी उभारून निघून जातात. क्रॉसबो सकाळीच चढवून गुडघ्यावर ठेवलेला असतो. त्याला तो क्षणच नाही. शिवाय लाँगबोवर हात बसायला वर्षे जातात, कंपाऊंडवर एक उन्हाळा. दुर्बीण लावलेला क्रॉसबो एका दुपारी जमतो. जुन्या करारातला कमकुवतपणा राहत होता तो त्या ओढण्याच्या क्षणात आणि शिकण्याच्या त्या महिन्यांत.

क्रॉसबोवरचा राग काही आजचा नाही. ११३९ मध्ये रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या लॅटरन धर्मसभेने ख्रिश्चनांवर तो चालवायला मनाई केली. साध्या धनुर्धरांनाही त्याच वाक्यात गोवले होते, हे सांगायला आजचे धनुर्धर विसरतात. त्या मनाईकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही, आणि ११९९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड क्रॉसबोच्याच बाणाच्या जखमेने मेला. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्याने वर्षाला १०० पौंडांहून कमी उत्पन्नाच्या माणसाने क्रॉसबो किंवा हातबंदूक बाळगायची नाही, असे ठरवले. देशातल्या लाँगबोचा सराव मोडू नये, हे एक कारण सांगितले जाई. १०० पौंडांच्या अटीकडे बघितले की दुसरेही कारण दिसते: सामान्य माणसाला एका दुपारी जमणारे हत्यार राजाला आणि जमीनदारांच्या हरणांना सोयीचे नव्हते.

अमेरिकेत उलटे घडले. तिथे राज्यांनाच लोक हवे आहेत. शिकाऱ्यांची संख्या २०११ च्या केंद्रीय पाहणीत १ कोटी ३७ लाख होती, २०१६ मध्ये १ कोटी १५ लाखांवर आली. वन्यजीव खात्यांचा गाडा चालतो तो परवान्यांच्या शुल्कावर आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने त्यांच्याकडे वळवलेल्या, लांब बंदुका आणि काडतुसांवरच्या ११ टक्के करावर. १९७२ च्या दुरुस्तीने त्यात धनुष्यबाणही आले. शिकारी म्हातारे होत आहेत, खांदे दुखतात, ७० पौंड ओढवत नाहीत. विस्कॉन्सिनने आधी अपंगांना आणि ६५ वर्षांवरच्यांना क्रॉसबो दिला, आणि २०१४ पासून वेगळ्या परवान्यावर सर्वांना. ओहायोने हे १९८० च्या दशकातच केले होते, पेनसिल्व्हेनियाने २००९ मध्ये. हरणे आता देशभरात ३ कोटींच्या घरात आहेत; शेतीचे नुकसान होते, गाड्यांना धडकतात, हरणांचा एक घातक मेंदुरोग पसरतो. जास्त हरणे मारली जावीत हीच तिथल्या खात्याची इच्छा. १९३४ मध्ये सरकारला कमी मारणारे हत्यार हवे होते, २०१४ मध्ये जास्त मारणारे. हंगामाचे नाव मात्र तेच राहिले.

विस्कॉन्सिनमध्ये आता क्रॉसबोने पडणारी हरणे उभ्या धनुष्याने पडणाऱ्यांहून जास्त आहेत. त्यावर सर्वांत मोठा आवाज करतात ते बंदूकवाले, हे मला मजेचे वाटते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नर माजावर येतात, दिवसाढवळ्या फिरतात, आणि तो काळ धनुष्याच्या हंगामात येतो. आमचे ९ दिवस येईपर्यंत मोठी शिंगे गेलेली असतात, अशी त्यांची तक्रार. म्हणजे शुद्ध धनुर्विद्येच्या नावाने चाललेल्या भांडणाच्या तळाशी वाटणीचे भांडण निघाले: चांगले दिवस कोणाला?

पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत हेच गणित वेगळे सुटते. तिथे माणसे एल्क या मोठ्या हरणाच्या मागे असतात. सप्टेंबरात एल्कचे नर माद्यांसाठी शिळेसारखी लांब साद घालतात, आणि त्याच आठवड्यांत धनुष्याचा हंगाम असतो. एल्क मोजकेच, मागणी अमाप. मारण्याचे प्रमाण वाढले की खात्याला परवाने कमी करावे लागतात किंवा सोडत काढावी लागते. दरवर्षी जाणारा माणूस मग काही वर्षांतून एकदा जाणार. म्हणून कोलोरॅडो, आयडाहो, मोंटाना यांनी धनुष्याच्या खास हंगामातून क्रॉसबो बाहेर ठेवला, अपंगत्वाची सवलत कुठे कमी कुठे जास्त. कोलोरॅडोत कंपाऊंडच्या सुटीलाही ८० टक्क्यांची मर्यादा आहे. वायोमिंग शेजारीच, तिथे मात्र क्रॉसबो चालतो. डोंगर तेच, पण सगळ्या शेजाऱ्यांनी एकच हिशेब मांडायचे ठरवलेले नाही.

माझे मत विचाराल तर विस्कॉन्सिनने बरोबर केले आणि मोंटानानेही बरोबर केले. जिथे हरणे कमी करायची आहेत तिथे क्रॉसबो घ्यावा, वेगळ्या परवान्यावर घ्यावा, म्हणजे आकडे वेगळे कळतात आणि उद्या हात आखडता येतो. जिथे जनावर मोजके आणि दिवस मौल्यवान आहेत, तिथे बाहेर ठेवावा. पण हे करताना क्रॉसबोवाला खरा शिकारी नव्हे, असली भाषा वापरू नये. ६८ वर्षांच्या म्हातारीला खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर क्रॉसबो देणारा नियम आणि तिच्या २५ वर्षांच्या नातवाला तोच नाकारणारा नियम, दोन्ही एकाच राज्यात शहाणपणाचे असू शकतात.

एक अडचण मात्र कोणालाच सुटलेली नाही. खरे आवर घालायचे आहे ते अंतराला आणि उतावीळपणाला. पण रानात गस्त घालणाऱ्या अधिकाऱ्याला अंतर तपासता येत नाही. बाण २५ यार्डांवरून सोडला की ७० वरून, हे साक्षीदाराविना कोण सांगणार? दोरी आहे का, खटका आहे का, पात्याची रुंदी किती, दोरी ओढायला किमान किती पौंड लागतात, हे हातात घेऊन बघता येते. म्हणून कायदा बघता येण्याजोग्या गोष्टींवर येऊन बसतो, आणि कारखानदार त्या गोष्टींच्या फटीतून पुढचे यंत्र आणतात. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीने धनुष्यावर बसणारे साधन काढले: बटण दाबले की लक्ष्याचे अंतर मोजते आणि नेम कुठे धरायचा तो ठिपका उजळते. मला क्रॉसबोपेक्षा याची जास्त धास्ती वाटते. अंतराचा अंदाज चुकेल ही भीतीच माणसाला जवळ जायला लावत होती. हवेच्या दाबावर बाण फेकणारी नळी तर धनुष्य म्हणवत नाही; बाण जातो एवढ्यावर तिला या हंगामात घेणे म्हणजे करार फाडणे. उलट मिसूरीने फेकदांड्याने भाला मारायला परवानगी दिली आहे, ती मला पूर्ण मान्य आहे. त्याने हरीण पाडून दाखवावेच एखाद्याने.

मिसूरीचे नाव दुसऱ्यांदा आले, तर तिसऱ्यांदाही घेतो. ठासणीच्या बंदुकीच्या हंगामाचे हेच झाले. जुन्या बंदुकीला वेळ लागतो, दारू ओलसर होते, एकच बार मिळतो, म्हणून वेगळे दिवस दिले. १९८५ मध्ये मिसूरीच्या टोनी नाइटने आधुनिक रायफलीच्या घडणीची ठासणीची बंदूक बाजारात आणली आणि पुढे तिच्यावर दुर्बिणीही चढल्या. कोलोरॅडोने दुर्बीण नाकारली. पेनसिल्व्हेनियाने तर नाताळानंतरचा ठासणीचा हंगाम चकमकीच्या बंदुकीपुरताच राखून ठेवला आहे. तेच पेनसिल्व्हेनिया, ज्याने धनुष्याच्या हंगामात क्रॉसबोला मोकळी वाट दिली.

आता आपल्याकडे एकदा वळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते गेले. त्या मूळ कायद्याचे १७ वे कलम वाचण्यासारखे आहे. गाडीतून मारू नये, रात्री मारू नये, कृत्रिम उजेड टाकू नये, जाळी-सापळे-विष वापरू नये. आणि मोठी शिकार रायफलीनेच करावी, किंवा खास परवानगी असेल तर एकगोळी छऱ्याच्या बंदुकीने. म्हणजे आपल्या कायद्याच्या दृष्टीने सभ्य हत्यार रायफल. धनुष्यबाण कुठे सापडतो? हत्यारांच्या व्याख्येत, तिथे बंदूक, स्फोटके, चाकू, विष, फासे हे सगळे एका माळेत आणि त्यातच तो. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्य हातात घेतले की कायदा तुम्हाला साडेतीन महिने देतो. आपल्याकडे परवान्यांच्या काळातही धनुष्य घेऊन मोठ्या जनावरामागे जाणे हाच अपराध होता. दोन्हीकडे खिलाडूपणाचे नाव घेतले जाई. फरक होता तो धनुष्य कोणाच्या हातात आहे याचा. तिकडे ते शनिवार-रविवार मोकळा असलेल्या नोकरदाराच्या हातात होते, इकडे भिल्ल आणि गोंडांच्या. शिकारीचे नियम साहेबाच्या शिकारीवर बेतलेले होते, आणि स्वातंत्र्यानंतर आपण त्यातले बरेच तसेच पुढे चालवले. हे वाचताना पोपच्या हातातले ईशीचे धनुष्य आठवल्याशिवाय राहत नाही.

या सभागृहातल्या अनेकांची मुले न्यू जर्सीत किंवा फिलाडेल्फियाच्या उपनगरांत आहेत, आणि तुमच्यापैकी काही दर उन्हाळ्यात तिकडे जातात. अंगणातली फुलझाडे हरणे खातात ही तक्रार तुम्ही फोनवर ऐकलीच असेल. तिथे घराजवळ बंदूक चालवता येत नाही, म्हणून धनुष्याला वाट आहे. न्यू जर्सीत धनुष्यासाठी इमारतीपासूनचे अंतर ४५० फुटांवरून १५० फुटांवर आणले गेले. पेनसिल्व्हेनियात बंदुकीला १५० यार्ड लागतात, धनुष्य आणि क्रॉसबोला ५०. १५० फूट म्हणजे आपल्या एका सोसायटीच्या आवाराएवढे अंतर. शेजाऱ्याने कोणाला तरी झाडावर बसायची परवानगी दिली, तर कुंपणाजवळ जखमी हरीण येऊन पडू शकते, आणि त्याचा माग काढत येणाऱ्याने तुमच्या मुलाच्या अंगणात पाऊल टाकावे की नाही, हे तुमच्या मुलानेच सांगायचे असते. कुठले हत्यार चालावे हे राज्य ठरवते. पण आपल्या गावाच्या उद्यानात हरणे कमी करण्यासाठी असा हंगाम घ्यायचा का, यावर नगरपालिकेच्या सभेत नागरिकांना बोलता येते. तिकडच्या मराठी घरांतून या सभांना कोणी जात असेल तर मला त्यांच्याकडून ऐकायला आवडेल. आता आपले प्रश्न घेऊ.